मानसोपचाराची तारीख दीड महिन्यानं मिळालीय, तोवर भावाला कसं सांभाळायचं?

गोदाकाठची
नमस्कार, पहिल्यांदाच लिहायलेय, इकडचं तिकडं झालं तर सांभाळून घ्या. आम्ही परभणी जिल्ह्यातले, खेड्यात राहतो. धाकटा भाऊ २५ चा आहे, तीन वर्षं पुण्यात राहून स्पर्धा परीक्षा केली, दोनदा पूर्व निघाली पण मुख्यला अडकला, आणि दिवाळीला जो घरी आला तो परत गेलाच नाही. आधी आम्हाला वाटलं थकलाय, झोपू द्या. पण झोपतोय कुठं, रात्री तीनला उठून अंगणात येरझाऱ्या घालतो नाहीतर माळवदावर जाऊन बसतो, मोबाईलसुद्धा बघना गेलाय, जेवायला बसला की अर्धी भाकर मोडून तीच कुस्करत बसतो आणि उठतो. मित्रांचे फोन आले की म्हणतो सांग त्यांना शेतात गेलाय.

पीएचसीचे डॉक्टर खरंच चांगले बोलले त्याच्याशी, मोठ्या सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली. सकाळी सहाच्या एसटीनं गेलो, केस पेपरच्या लायनीतच दीड तास गेला, मग कळलं की मनोविकाराचे डॉक्टर एकच आहेत आणि ते पण रजेवर. केस पेपरच्या मागं दीड महिन्यानंतरची तारीख लिहून दिली, झालं. येताना एसटीत खिडकीतून बाहेर बघत म्हणाला, "बघ ताई, इथं पण आपण वेटिंगवरच." मला काय बोलावं सुचलंच नाही.

प्रायव्हेटला दाखवायचं तर फी, गोळ्या, जाणं येणं धरून एका खेपेला दोन हजार कुठं गेले कळत नाही, आणि सोयाबीनचे पैसे तर उधारी फेडण्यातच गेले. आई म्हणतेय बाहेरचं काहीतरी बघून घ्या. मला एवढंच विचारायचंय की हे दीड महिना काढायचे कसे? कोणी काढलेत का असे दिवस?

मांजराकाठ
ताई, काढलेत. माझे स्वतःचेच काढलेत, २०२१ ला, आणि मला तर सव्वादोन महिन्यानं नंबर लागला होता. लातूर साइडचा आहे मी.

मला कशानं फरक पडला ते सांगतो, तुमच्या भावाला तसंच होईल असं काही नाही. पहिलं म्हणजे माझ्या चुलत भावानं मला एक वही आणून दिली, दोनशे पानी वगैरे नाही हं, दुकानात उधारी लिहायची असती ना तसली लहान. त्यात रोज फक्त चार गोष्टी लिहायच्या, किती वाजता पडलो, किती वाजता जाग आली, काय खाल्लं, आणि आज डोक्यात काय घोळत होतं ते एका ओळीत. दोन दिवस मी लिहिलंच नाही, मग तोच विचारून लिहायचा. पुढं जेव्हा डॉक्टरसमोर बसलो ना तेव्हा त्यांच्याकडं माझ्यासाठी जेमतेम दहा मिनिटं होती, बाहेर साठ सत्तर माणसं, आणि मला तर तोंडातून शब्द फुटना. ती वही त्यांनी उलटसुलट चाळली आणि प्रश्न एकदम नेमके विचारले. नाहीतर आपण काय सांगतो, "झोप येत नाही, करमत नाही", एवढंच ना.

दुसरं, तोवर रक्त तपासून घ्या. थायरॉइड, बी १२, हिमोग्लोबिन. माझं बी १२ पार तळाला गेलेलं निघालं. त्यानं सगळं बरं झालं असं नाही, पण थायरॉइड बिघडलं तरी माणूस असाच गळून जातो, आणि डॉक्टर पहिल्या दिवशी हेच लिहून देतात मग रिपोर्टसाठी अजून एक खेप. ते आधीच हातात असलं की खेप वाचते.

तिसरं, रात्री झोप नाही लागली तरी सकाळी एकाच टायमाला उठवा आणि उजेडात न्या. आमचे अण्णा मला तूर सोंगायला न्यायचे, काही बोलायचे नाहीत, उपदेश तर अजिबात नाही, नुसतं म्हणायचे एवढी ओळ धर. एक ओळ झाली की घरी जाऊ द्यायचे. मला तेव्हा राग यायचा त्यांचा.

आणि एक हात जोडून सांगतो, मेडिकलवरून परस्पर झोपेची गोळी आणू नका, मित्राची उरलेली पण नको.

थेट_बोलतो
लोकांना वाटतं ही तुमच्या घरची अडचण आहे, अहो पूर्ण मराठवाड्याची आहे. राज्यात सरकारी प्रादेशिक मनोरुग्णालयं चार, ठाणे, पुणे, नागपूर, रत्नागिरी. बघा नकाशावर, आपल्या आठ जिल्ह्यांत एक पण नाही. जालन्याला मंजूर झालंय म्हणतात, होईल तेव्हा होईल. २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात कलम १८ मध्ये स्पष्ट लिहिलंय की सरकारी खर्चानं चालणाऱ्या ठिकाणी मानसिक उपचार मिळणं हा प्रत्येकाचा हक्क आहे. हक्क आहे, डॉक्टर नाही. मी तर म्हणतो लेखी अर्ज द्या जिल्हा शल्यचिकित्सकांना, तारीख अलीकडं घ्या म्हणून, पोच घ्या त्याची.

सिस्टर_नांदेडकडची
दादा अर्ज द्यावा, पण ताईला आज रात्रीचं सांगा आधी.

ताई, मी उपकेंद्रात काम करते. तुम्हाला थोडं अवघड वाटंल पण भावाला सरळ विचारा, "जीव द्यावा असं मनात येतंय का?" विचारल्यानं तसलं काही त्याच्या डोक्यात घुसत नाही, उलट कोणीतरी विचारलं म्हणून माणूस मोकळा होतो, हे मी कित्येक घरात बघितलंय. हो म्हणाला तर रडू नका त्याच्यासमोर, ओरडू नका, त्याला एकटं सोडू नका आणि तारखेची वाट बघत बसू नका, त्याच दिवशी इमर्जन्सीला न्या, १०८ ला फोन करा. तिथं वेटिंग नसतं.

आणि काही म्हणू दे न म्हणू दे, फवारणीचं औषध घरातून हलवा. आपल्याकडं अर्धी राहिलेली बाटली गोठ्यात नाहीतर बाजंखाली असतीच. कुलपात ठेवा आणि चावी एकाच माणसाजवळ, नाहीतर सरळ शेजारच्या शेतातल्या आखाड्यावर ठेवून या. वाईट घडी बहुतेक वेळा थोड्याच वेळाची असती, तेवढ्या वेळात हाताशी काही नसलं की माणूस वाचतो.

आता तारखेचं. १४४१६ हा टेली मानसचा, म्हणजे सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर, फुकट आहे, २४ तास, मराठीत बोलतात. आधी समुपदेशक बोलतात, गरज वाटली तर पुढं डॉक्टरकडं जोडून देतात. भाऊ नाही बोलला तरी तुम्ही करा, घरच्यांशी पण बोलतात. दुसरं, तुमच्या उपकेंद्रावर सीएचओ, म्हणजे समुदाय आरोग्य अधिकारी असतील तर त्यांना ई संजीवनीवरून, म्हणजे सरकारच्या ऑनलाइन डॉक्टर सेवेवरून मनोविकार तज्ज्ञ मिळतात का बघायला सांगा, मिळाले तर तिथंच बसून व्हिडिओवर बोलणं होतं. तिसरं, जिल्हा मानसिक आरोग्य कार्यक्रमाची टीम ठरलेल्या दिवशी ग्रामीण रुग्णालयात नाहीतर उपजिल्हा रुग्णालयात येत असते. हा वार लोकांना माहीतच नसतो, कुठं बोर्ड पण नसतो. आशाताईंना विचारा, त्यांना माहीत असतंय. २०१५ पासून प्रेरणा प्रकल्पात, म्हणजे शेतकरी आत्महत्या रोखायच्या सरकारी कार्यक्रमात, घरोघर जाऊन मनाच्या त्रासाचे हेच प्रश्न विचारलेत त्यांनी.

गोळ्या चालू झाल्या तरी दोन ते चार आठवडे फरक दिसत नाही हे पण आताच सांगून ठेवते. आठ दिवसांत "काही उपयोग नाही" म्हणून बंद करणारे लई बघितलेत.

विठूचा_वारकरी
आमच्याकडं एक ठिकाण आहे, तीन गुरुवार केले की उतरतं. पाठवू का पत्ता?

मांजराकाठ
माउली, देवाला जाऊ दे की, कोण नको म्हणतंय. माझी आई पण नेत होती मला, आणि खरं सांगू तर त्या निमित्तानं घराबाहेर तरी पडायचो. फक्त कोणी म्हणालं गोळ्या बंद करा, उपास धरा, कोंडून ठेवा, की तिथून निघायचं. आणि ताई, आईशी भांडू नका यावरून, तुम्हाला पुढं तिचीच मदत लागणाराय.

गोदाकाठची
सगळ्यांना खरंच धन्यवाद. पाच दिवसांनी लिहायलेय.

सिस्टर, विचारलं मी. माळवदावर त्याच्या शेजारी जाऊन बसले आणि तुम्ही लिहिलं तसंच्या तसं विचारलं, माझाच आवाज फाटला. बराच वेळ गप्प होता, मग म्हणाला "येतं कधी कधी, पण करणार नाही". मी त्याच रात्री १४४१६ ला फोन लावला, आधी मी बोलले, मग त्यानं स्वतःच हात पुढं केला फोनसाठी. वीस पंचवीस मिनिटं बोलला. काय बोलला विचारलं नाही. त्या बाईंनी मला सांगितलं आता एकटं ठेवू नका, आणि परवा त्यांचा परत फोन पण आला होता.

आशाताईंनी वार सांगितला, गुरुवार. दीड महिना त्या केस पेपरकडं बघत बसलो असतो आणि ती टीम आमच्या तालुक्याला दर गुरुवारी येऊन जाते! या गुरुवारी चाललोय. वही केलीय, तो लिहीत नाही, मीच लिहायलेय, काल त्यानं माझं "३.१०" खोडून "२.४०" केलं.

औषधाच्या दोन बाटल्या होत्या, एक गोठ्यात आणि एक चक्क देवळीत. दोन्ही पत्र्याच्या पेटीत घालून कुलूप लावलं, चावी माझ्याजवळ. आई सकाळपासून दोनदा विचारून गेलीय चावी कुठंय म्हणून, तिच्या लग्नातल्या साड्या त्याच पेटीत आहेत आणि तिला त्यांना ऊन दाखवायचंय.