'मोबाइल होम पार्क'ला मराठीत काय म्हणावं?

तळटीप: कॅलिफोर्नियातल्या मोबाइल होम पार्कांच्या, म्हणजे भाड्याच्या जागांवर लोकांनी आपापली तयार घरं आणून ठेवलेल्या वसाहतींच्या, नियमांचं मराठी करायचं आहे. 'पार्क'चं 'उद्यान' केलं तर वाचणारा बाग शोधत बसेल. 'फिरती घरे' लिहिलं होतं, संपादकांनी खोडून 'जंगम गृह वसाहत' केलं. शिवाय 'स्पेस रेंट'ला, म्हणजे घराखालच्या जागेच्या भाड्याला, काय म्हणायचं?

शुद्धमती: जंगम उत्तम. 'गम्' धातूपासून आलेला, खरेदीखतात 'स्थावर-जंगम' म्हणून रुळलेला. हाताशी शब्द असताना 'मोबाइल' कशाला? मराठीत त्याचा अर्थ आता फोन.

बार्शीकर: बार्शी-लातुराकडे 'जंगमाचं घर' म्हणजे लिंगायत जंगमांचं घर. त्यापेक्षा 'बिऱ्हाड' बघा. कन्नड 'बिडार'चा भाऊ दिसतो.

चासी: पण ही घरं फिरतात कुठे? कारखान्यातून पोलादी चासीवर येतात, जागेवर पोचली की चाकं नि ओढदांडा काढून ठोकळ्यांच्या खांबांवर समतल करतात आणि वाऱ्यासाठी पट्ट्यांनी जमिनीला जखडतात. दोन भाग जोडून केलेलं दुभागी घर हलवायचं तर आधी मधोमध उसवावं लागतं, मग प्रत्येक भागाचा वाहतूक परवाना. बहुतेक घरं पुन्हा हलतच नाहीत. अमेरिकी काँग्रेसनेही 1980 मध्ये कायद्यातला 'मोबाइल होम' काढून 'मॅन्युफॅक्चर्ड होम' घातला. 15 जून 1976 पासून केंद्रीय बांधकाम संहिता लागू झाली. त्याआधीचं ते मोबाइल, नंतरचं मॅन्युफॅक्चर्ड. म्हणून 'कारखानी घर'.

शुद्धमती: 'कारखानी' ऐकून साखर कारखान्याची चाळ आठवते. आणि कायद्यात जंगम की स्थावर हाच तर प्रश्न आहे ना?

चासी: आहे, पण त्याचं उत्तर बदलतं. पार्कातल्या घराची नोंद साधारणपणे राज्याच्या गृहनिर्माण विभागाकडे, म्हणजे जंगम. कायम पाया घालून 433अे हा फॉर्म काउंटीत, म्हणजे तिथल्या जिल्ह्याच्या दप्तरात, नोंदवला की तेच घर स्थावर. नावातच 'जंगम' कोंबलंत तर 'जंगम गृह स्थावर झाले' असं लिहावं लागेल.

सातबारा: 'स्पेस रेंट' म्हणजे सरळ भुईभाडं. घर आपलं, भुई दुसऱ्याची.

बार्शीकर: भुईभाडं बाजारात टोपली मांडणाऱ्याकडूनही घेतात की.

सातबारा: घेऊ द्या. गावात दुसऱ्याच्या जागेत घर बांधणाराही तेच देतो, आणि इथलं नातं हुबेहूब तसं. म्हणूनच कॅलिफोर्नियाचा 1978 चा मोबाइल होम रहिवास कायदा पार्कमालकाला बांधून ठेवतो: भाडं वाढवायचं तर 90 दिवस आधी लेखी नोटीस, जागा सोडवायची तर कायद्यातलंच एखादं कारण आणि किमान 60 दिवस. पाय रोवलेलं घर महिन्याभरात कोण उचलणार? वाढ किती, हे मात्र तो कायदा सहसा ठरवत नाही. ते शहराच्या किंवा काउंटीच्या हातात. सॅन होजे शहरात महागाई निर्देशांकातल्या वाढीच्या 75 टक्के, पण 3 च्या खाली नाही नि 7 च्या वर नाही.

तळटीप: आणि पार्क चालवण्याचं 'परमिट टु ऑपरेट'? परवाना की अनुज्ञप्ती?

शुद्धमती: शासकीय कोशात लायसन्सला अनुज्ञप्ती, परमिटला परवाना.

सातबारा: 'परवाना' लिहा, भांडण नको. पण 'नियंत्रण' हा एकच शब्द सगळीकडे वापरू नका, नाहीतर वाचणारा चुकीच्या दारात जाईल. गटारं, वीजजोडण्या, दोन घरांतलं अंतर ही तपासणी. ती राज्याचा विभाग करतो किंवा त्याने अधिकार दिलेली स्थानिक संस्था. भाडं, नोटिसा, पार्काचे नियम हा दिवाणी मामला. तपासनीस भाडेवाढीत पडत नाही.

बार्शीकर: थोडं अवांतर: घर केंद्रीय संहितेप्रमाणे बांधल्याचा दाखला देणारी प्रमाणपट्टी म्हणजे ती लाल धातूची चकती ना?

चासी: चकती नव्हे, 2 बाय 4 इंचांची पट्टी. बाहेरून, प्रत्येक भागाला एक. दुभागी घराला दोन. नवं साइडिंग, म्हणजे भिंतींचं बाहेरचं आवरण, लावताना झाकली जाते किंवा उचकटून फेकतात, मग कर्ज देणारा अडतो. हरवली तर नवी मिळत नाही, फक्त पडताळणीपत्र मिळतं. त्यासाठी अनुक्रमांक लागतो. तो घरात आतून चिकटवलेल्या कागदी माहितीपत्रकावर ('डेटा प्लेट') सापडेल. वीजपेटीजवळ, स्वयंपाकघराच्या कपाटात किंवा निजण्याच्या खोलीच्या कपाटात बघा.

शुद्धमती: 'माहितीपत्रक' म्हणजे ब्रोशर. इथे 'तपशीलपट' हवा.

बार्शीकर: कागदाला पट?