सल्ला हवा: कच्चं गाजर की गाजराचा रस? तक्त्यात तर जवळपास सारखेच दिसतात

निळी_बरणी:
पोषणमूल्यांच्या तक्त्यात १०० ग्रॅम कच्च्या गाजराला ४१ कॅलरी, १०० ग्रॅम डबाबंद रसाला ४०. पोटॅशियम ३२० आणि २९२ मिग्रॅ. फरक काय तो तंतूंचा, २.८ आणि ०.८ ग्रॅम. मग गाजराऐवजी ग्लासभर रस घेतला तर बिघडतं कुठे? ज्यूसर आणि मिक्सर दोन्ही आहेत, कशात करावा?

मोजमाप:
तक्ता बरोबर आहे, तुलना चुकतेय. रस १०० ग्रॅम कोण पितं? ग्लास २५० मिलीचा, आणि तेवढ्या रसाला साधारण अर्धा किलो गाजर लागतं (ज्यूसर आणि गाजराचा ताजेपणा यावर थोडं कमी-जास्त). अर्ध्या किलोत तंतू १४ ग्रॅम, रसात उतरतात २. बीटा-कॅरोटीन (गाजराचं केशरी रंगद्रव्य, शरीर त्यापासून अ-जीवनसत्त्व बनवतं) ४१ मिग्रॅ, रसात २३ च्या आसपास. बाकीचं बहुतेक चोथ्यात, म्हणजे कचऱ्यात. उलट, खायला घेतलेलं मध्यम गाजर ६० ग्रॅमचं, २५ कॅलरींचं. ग्लास १०० कॅलरींचा आणि दोन मिनिटांत संपतो, पोटही भरत नाही.

हिरवी_देठं:
रसाने पचनसंस्थेला विश्रांती मिळते, जीवनसत्त्वं थेट रक्तात जातात. त्यामुळे रसच बरा.

मोजमाप:
थेट काही जात नाही, रसही आतड्यातूनच शोषला जातो. आणि निरोगी पचनसंस्थेला विश्रांती कशाला हवी?

पेशीभित्तिका:
हिरवी_देठं यांच्या म्हणण्यात एक धागा मात्र खरा आहे. कॅरोटीन पेशींच्या आत कोंडलेलं असतं. कच्चं गाजर नुसतं दातांनी तोडून गिळलं तर बराचसा भाग तसाच बाहेर पडतो. पेशींच्या भिंती फुटल्या आणि सोबत थोडं स्निग्ध असलं की शोषण वाढतं. रसात हे फोडण्याचं काम झालेलं असतं, स्निग्ध मात्र नसतं.

म्हणून मिक्सर घ्या. १०० ग्रॅम गाजराचे बारीक तुकडे, १५० मिली थंड पाणी, एक चहाचा चमचा तेल आणि थोडा लिंबाचा रस एकत्र, दीड-दोन मिनिटं. तेल फिरवतानाच घाला, नंतर घातलं तर वर तरंगतं आणि ग्लासला चिकटतं. गाळू नका, फडक्यातून गाळलंत की पुन्हा चोथा बाजूला, म्हणजे ज्यूसरच झाला. घट्ट वाटलं तर पाणी वाढवा. फेस म्हणजे आत शिरलेली हवा, तिने क-जीवनसत्त्व घटत जातं. लगेच प्यावं हे बरं.

निळी_बरणी:
रात्री करून ठेवला तर?

पेशीभित्तिका:
झाकण लावून, काठोकाठ भरून, ४ अंशांच्या फ्रिजमध्ये, फार तर २४ तास. गाजराचा रस आंबट नसतो, सामू (pH, जितका कमी तितकं आंबट) ६ च्या आसपास. ४.६ च्या वरच्या सामूत, हवाबंद बाटली उबेत राहिली तर बोटुलिझमचे (जीवघेण्या अन्नविषबाधेचे) जिवाणू वाढू शकतात, आणि वास-चवीवरून ते कळेलच असं नाही. बाटली ओट्यावर विसरली असेल तर ओतून द्या.

मोजमाप:
दोन पुरवण्या. मूत्रपिंडाच्या विकारामुळे पोटॅशियम मोजून घ्यावं लागणाऱ्यांना ग्लासभर रसातले ७३० मिग्रॅ जड पडतात. पालकाचा रस तर मुतखड्याची प्रवृत्ती असेल तर नकोच, खडे बनवणारं ऑक्झलेट त्यात भरपूर. वॉरफरिन (रक्त गोठू न देणारं औषध) चालू असणाऱ्यांनी पालेभाज्यांचे रस डॉक्टरांना न विचारता सुरू करू नयेत, के-जीवनसत्त्व एकदम वाढतं आणि औषधाचा परिणाम घटतो.

साधा_वाचक:
टोमॅटोलाही हेच लागू का, म्हणजे रसापेक्षा कच्चाच बरा?

मोजमाप:
उलटं म्हणा. बाटलीतल्या टोमॅटोच्या रसात तापवल्यामुळे लायकोपीन (टोमॅटोचं लाल रंगद्रव्य) जास्त सहज शोषलं जातं. पण सोडियम बघा: कच्च्या टोमॅटोत १०० ग्रॅमला ५ मिग्रॅ, मीठ घातलेल्या रसात अडीचशेच्या आसपास. बिनमिठाचा मिळाला तर तो घ्या.

निळी_बरणी:
आणि मिक्सरही काढायचा नसेल तर?

पेशीभित्तिका:
बारीक किसणीने किसा, वर तेलाची फोडणी. जाड कीस नको, पेशी कमी फुटतात.