विषय: गाडीचा इन्शुरन्स एकदम दुप्पट, कीलेस चोऱ्यांमुळे. काय करावं?

प्रेषक: सोलिहल (मूळ अमळनेर)

राम राम मंडळी,

सगळे मजेत ना. एक अडचण आहे म्हणून आपल्या मेलिंग लिस्टवर टाकतोय. इथे इंग्लंडात आमच्या मोठ्या गाडीच्या विम्याचं रिन्यूअल आलंय आणि आकडा गेल्या वर्षीच्या जवळजवळ दुप्पट. क्लेम नाही, दंड नाही, पत्ता तोच, गाडी उलट एक वर्षाने जुनीच झाली. फोन केला तर समोरची बाई म्हणाली तुमच्या मॉडेलच्या कीलेस चोऱ्या (चावी खिशातून न काढता उघडणाऱ्या गाड्यांच्या) फार आहेत, तुमचा पोस्टकोडही त्याच भागातला, आणि ट्रॅकर बसवला नाही तर चोरीचं कव्हर मिळणार नाही. दुसऱ्या दोन ठिकाणी तर कोटच, म्हणजे प्रीमियमचा आकडाच, दिला नाही. आमच्या गल्लीतून दिवाळीच्या सुमारास एक गाडी गेली, काच फुटली नाही, अलार्म वाजला नाही, चावी घरातल्या ड्रॉवरमध्ये जशीच्या तशी. बायको म्हणते विका आणि साधी गाडी घ्या. पण हौसेने घेतलेली गाडी आहे, बाबा अमळनेरहून पहिल्यांदा आले तेव्हा त्यांना तिच्यातूनच फिरवलं होतं, विकायचा जीव होत नाहीये. कुणाला अनुभव असेल तर सांगा. नाना, तुम्ही भुसावळला असलात तरी मेल बघता ना? तुमची सगळी नोकरी इकडच्या विम्याच्या क्लेम डिपार्टमेंटमध्येच गेली.


प्रेषक: लेस्टर (मूळ पाचोरा)

भो, एवढं टेन्शन नको घेऊ. माझ्या साडूचं घर वेल्समध्ये खेडेगावात आहे, तिथला पत्ता टाकला की प्रीमियम निम्म्यावर येतो, बरेच लोक करू राहिले. आणि काका, म्हणजे तुझे बाबा, तुझ्याकडे सहा महिने राहतात ना, त्यांना लायसन्स असेल तर मेन ड्रायव्हर दाखव, तू दुसरा. गाडी तुझीच, पैसे तुझेच, कोण बघायला येतंय. काही लागलं तर साडूचा नंबर देतो.


प्रेषक: नाना, सध्या भुसावळ

राम राम,

मेल बघतो रे, रोज बघतो.

आधी पत्त्याचं बोलतो कारण खरं नुकसान तिथे आहे. पाचोऱ्याच्या भाऊंनी मदत म्हणूनच सांगितलं हे मला माहीत आहे, पण हे अजिबात करू नका. इंग्लंडात २०१२ चा ग्राहक विमा कायदा आहे, त्यात फॉर्मवर विचारलेल्या प्रश्नाला नीट काळजी घेऊन उत्तर द्यायची जबाबदारी आपली. मुद्दाम खोटं सांगितलं असं ठरलं तर कंपनी पॉलिसी पहिल्या दिवसापासून रद्द धरते, क्लेम शून्य, आणि भरलेला प्रीमियमसुद्धा सहसा परत मिळत नाही. निष्काळजीपणाने चुकलं असं ठरलं तरी प्रमाणात कापतात, म्हणजे खरा प्रीमियम १,००० पौंड असता आणि तुम्ही ६०० च भरले तर क्लेमही ६० टक्केच. आणि एकदा पॉलिसी अशी रद्द झाली की पुढे जवळजवळ प्रत्येक फॉर्मवर विचारतात, तुमची पॉलिसी कधी रद्द झाली होती का. तेव्हाचा प्रीमियम बघून आजचा दुप्पट आकडा स्वस्त वाटेल. कोण बघायला येतं म्हणता? कोट देताना कुणी येत नाही, पण चाळीस-पन्नास हजार पौंडांची गाडी गेली की माणूस येतो आणि सगळं बघतो. मी अशा फायली हाताळल्यात, सर्व्हिसचं बिल एका शहरातलं, पार्किंगचा परवाना त्याच शहरातला, नोकरी तिथलीच, आणि गाडी म्हणे रोज रात्री शंभर मैलांवरच्या खेड्यात मुक्कामाला. गाडी हप्त्यांवर असेल तर गाडी गेली, क्लेम गेला आणि हप्ते चालू. बाबांना मेन ड्रायव्हर दाखवून रोज आपणच चालवायचं यालाही हेच सगळं लागू. आपल्या म्हाताऱ्या माणसाला त्या वयात फसवणुकीच्या चौकशीला बसवायचं का? माझा या बाबतीत स्पष्ट नकार आहे.

आता दुप्पट का झालं ते. सगळा दोष चोरांचा नाही हेही सांगतो. तिकडच्या विमा कंपन्यांच्या संघटनेचे आकडे पाहिले तर सरासरी प्रीमियम २०२२ मध्ये ४३४ पौंड होता तो २०२३ मध्ये ५४३ झाला, म्हणजे साध्या गाडीवाल्यालाही २५ टक्के वाढ बसली. दुरुस्ती महाग, पार्ट महाग, बंपरमध्ये सेन्सर, दिव्यात कॅमेरा, वर १२ टक्के विमा कर. पण महागड्या कीलेस गाड्यांना या सगळ्याच्या वर चोरीचा बोजा वेगळा बसतो. आणि एक लक्षात घ्या, संख्येने बघितलं तर इंग्लंडात कित्येक वर्षं सगळ्यात जास्त चोरीला जाते ती फोर्ड फिएस्टा, कारण रस्त्यावर त्याच जास्त आहेत. महागड्या एसयूव्हीचं दुखणं असं की गाड्या कमी, त्यातल्या बऱ्याच जातात, आणि गेली की कंपनीला एका दमात मोठी रक्कम द्यावी लागते. गाडी परत मिळाली तर ठीक, पण या गाड्या कंटेनरमध्ये घालून देशाबाहेर जातात नाहीतर सुटे पार्ट करून विकल्या जातात.

चोरी होते कशी ते नीट समजून घ्या, कारण उपाय त्यातूनच निघतो. तुम्ही हँडलला हात लावला की गाडी एक कमी फ्रिक्वेन्सीचा सिग्नल सोडते, तो जेमतेम एक-दोन मीटर जातो. चावीने तो ऐकला की ती ४३३ मेगाहर्ट्झवर उत्तर देते आणि ते उत्तर बरंच लांब पोचतं. गाडी धरून चालते की उत्तर आलं म्हणजे मालक शेजारीच उभा आहे. चोर दोघं येतात, एक गाडीपाशी आणि एक घराच्या दारापाशी अँटेना घेऊन, आणि गाडीचा तो छोटा सिग्नल घरातल्या चावीपर्यंत वाहून नेतात. कोड कुणी फोडत नाही, चावीचं उत्तर खरंच असतं. रात्री मळ्यातला राखणदार मालकाचा आवाज ऐकून फाटक उघडतो आणि कुणी मालकाशी फोन चालू ठेवून तो फाटकाशी धरला तर राखणदाराने काय करावं, तशातला प्रकार आहे. एकदा इंजिन चालू झालं की चावी लांब गेली तरी गाडी बंद पडत नाही, सुरक्षिततेसाठीच तसं ठेवलेलं असतं, नाहीतर हायवेवर मधेच बंद पडायची. चोराला तेवढं पुरतं. तुमच्या सोलिहलचंच उदाहरण आहे, वेस्ट मिडलंड्स पोलिसांनी २०१७ च्या नोव्हेंबरात तिथल्या एका मर्सिडीजच्या चोरीचा व्हिडिओ लोकांसमोर आणला होता, मिनिटभराचं काम. आणि सोलिहल म्हणजे जिथे रेंज रोव्हर बनते ते गाव.

मला राग कशाचा येतो ते सांगतो. झुरिकच्या ईटीएच विद्यापीठातल्या संशोधकांनी २०११ सालीच ८ कंपन्यांची १० मॉडेलं घेऊन हा हल्ला करून दाखवला होता आणि दहाही गाड्या फसल्या. पेपर छापला, सगळ्यांना वाचायला मिळाला. त्याच्यावरचा उपायही माहीत होता, सिग्नल यायला वेळ किती लागला ते मोजायचं. प्रकाश एका नॅनोसेकंदात साधारण ३० सेंटिमीटर जातो, अल्ट्रा वाइडबँडच्या चाव्या तेवढा बारीक वेळ मोजतात, मग चावी घरात आहे की हँडलपाशी ते गाडीला कळतं आणि असा सिग्नल वाहून नेऊन फसवणं फार अवघड होतं. तरीसुद्धा त्यानंतर कित्येक वर्षं जुन्याच पद्धतीच्या चाव्या, आणि त्याही महाग मॉडेलमध्ये, सोय म्हणून विकल्या. निर्णय कारखान्यात झाला आणि त्याचं बिल दरवर्षी रिन्यूअलच्या कागदावर मालकाला येतंय. मी क्लेमच्या टेबलावर बसून लोकांची तोंडं बघितली आहेत, त्यांचं काही चुकलेलं नव्हतं.

टाटांनी २००८ मध्ये फोर्डकडून रेंज रोव्हर बनवणारी जॅग्वार लँड रोव्हर घेतली तेव्हा आपल्या सगळ्यांची छाती फुगली होती, माझीही, म्हणून जास्त लागतं. २०२३ मध्ये लंडनच्या कितीतरी रेंज रोव्हरवाल्यांना कुणी विमा देईना, तेव्हा कंपनीने त्या ऑक्टोबरात स्वतःची विमा योजना काढली आणि त्याच सुमारास जुन्या गाड्यांच्या सुरक्षा अपडेटसाठी १ कोटी पौंड जाहीर केले. चांगलं केलं, आणि असली गाडी असेल तर ते अपडेट झालंय का हे डीलरला लेखी विचारा आणि ते पत्र विमा कंपनीला पाठवा. पण हे दहा वर्षं आधी व्हायला हवं होतं.

तर सोलिहलच्या भाऊ, तू असं कर. गाडीच्या मेन्यूत कीलेस बंद करता येतं का बघ, काही गाड्यांत चावीचं बटण दोनदा दाबून बंद होतं, बंद होत असेल तर बंदच ठेव, बटण दाबून दार उघडायला कष्ट पडत नाहीत. चावी सिग्नल अडवणाऱ्या पाकिटात ठेव आणि दुसरी चावीसुद्धा, दुसरी सगळे विसरतात. पाकीट घेऊन गाडीपाशी जा आणि दार उघडतं का ते स्वतः बघ, कारण काही महिन्यांनी ती पाकिटं आतून फाटतात आणि वरून कळत नाही. आपल्याकडे दाराच्या आतच चावीची खुंटी असते, तिकडे गेलो तरी तीच सवय आपण घेऊन जातो, तीच जागा चोराला सगळ्यात सोयीची.

पण पाकिटावर सगळा भरवसा ठेवू नको. २०२२ मध्ये लंडनमध्ये एका मोटार-सुरक्षेच्या जाणकाराचीच टोयोटा गेली, त्यात चावीचा संबंधच नव्हता, चोरांनी पुढच्या दिव्याच्या बाजूने गाडीच्या आतल्या वायरींच्या नेटवर्कमध्ये शिरून चावी ओळखली असा खोटा निरोप घातला. असल्या चोरीला पाकीट काही करत नाही. तिथे स्टिअरिंगचं जाड कुलूप, गाडी कुंपणाच्या आत किंवा दुसऱ्या गाडीच्या मागे, आणि पिन मागणारं इमोबिलायझर (पिन टाकल्याशिवाय गाडी सुरू होऊ न देणारं यंत्र) हेच कामाला येतं. ट्रॅकर म्हणाले असतील तर थॅचमचा (गाडीच्या सुरक्षा-उपकरणांना दर्जा देणारी तिकडची संस्था) कोणता दर्जा हवा ते लेखी घे, एस ५ आणि एस ७ यात फरक आहे, एस ५ मध्ये चालवणाऱ्याची ओळख पटवणारा टॅग असतो. आणि ट्रॅकरचं वार्षिक सबस्क्रिप्शन संपू देऊ नको. पॉलिसीत अट आहे आणि चोरीच्या रात्री ट्रॅकर बंद होता, अशा वेळी कंपनीशी भांडायला आपल्या हातात फारसं काही उरत नाही.

पैशांचं म्हणशील तर शेवटच्या दिवशी कोट काढू नको, तारखेच्या तीन-चार आठवडे आधी काढ, तेव्हा बहुधा स्वस्त मिळतो. जुन्या गिऱ्हाइकाला नव्यापेक्षा जास्त दर लावायला १ जानेवारी २०२२ पासून बंदी आहे, पण म्हणून तुझी कंपनी बाजारात स्वस्त आहे असं नाही, चार ठिकाणी विचार. हप्त्याने भरलं तर बहुतेक ठिकाणी व्याज लागतं. ब्रोकर गाठ, महागड्या गाड्यांचं काम करणारे वेगळे ब्रोकर असतात आणि त्यांच्याकडचे कोट वेबसाइटवर दिसत नाहीत.

सरकारही जरा हललंय. २०२५ च्या फेब्रुवारीत तिकडे विधेयक मांडलं, त्यात असली चोरीची यंत्रं बाळगणं, विकणं यालाच ५ वर्षांपर्यंत शिक्षा ठेवली. जुन्या कायद्यात ते यंत्र चोरीसाठीच होतं हे पोलिसांना सिद्ध करावं लागायचं.


प्रेषक: ताई, जळगाव

नाना नमस्कार,

मी लिस्टवर फक्त वाचत असते पण आज विचारतेच. आमच्याकडे ह्यांनी मागच्या दसऱ्याला पुश बटणाची एसयूव्ही घेतली. मुलगा लंडनहून सांगतो की इकडेही चावी जपा. एक चावी ड्रायव्हरकडे असते, तो नशिराबादला घरी घेऊन जातो, दुसरी कपाटात असावी पण महिन्याभरात दिसली नाही. आणि पुढच्या वर्षी फक्त थर्ड पार्टी घ्या, गाडी आपण जपून चालवतो, असं आमचे दीर म्हणतात. बरोबर आहे का?


प्रेषक: नाना, भुसावळ

ताई, बरं झालं विचारलं.

दिरांना सांगा थर्ड पार्टीत चोरीचा एक रुपया मिळत नाही. तो विमा समोरच्याच्या नुकसानीसाठी, त्याचा दर सरकार ठरवतं, २०२२ मध्ये १५०० सीसीच्या वरच्या गाडीला तो ७,८९७ रुपये ठरला, वर जीएसटी. स्वस्त दिसतो म्हणून आपल्या भागात गाडी तीन-चार वर्षांची झाली की लोक तेवढाच घेतात. नवीन गाडीला असं करू नका. आणि चोरी झाली तर तुम्हाला शोरूमचा दर मिळत नाही, आयडीव्ही, म्हणजे घसारा वजा करून पॉलिसीत धरलेली गाडीची किंमत मिळते, जी एक ते दोन वर्षांच्या गाडीला २० टक्के आणि तीन वर्षांपर्यंत ३० टक्के कापून धरायची पद्धत आहे. बिलाची पूर्ण रक्कम हवी असेल तर रिटर्न टू इनव्हॉइस नावाचं जोडकव्हर घ्या, ते गाडी नवीन असतानाच मिळतं.

दुसरी चावी मात्र आज शोधा, हे वाचून झाल्यावर लगेच. आपल्याकडे चोरीच्या क्लेमला कंपनी दोन्ही चाव्या मागते. एकच दिली की पहिला प्रश्न येतो, दुसरी कुठे, गाडीत ठेवली होती का, कुणाला दिली होती. सापडलीच नाही तर पोलिसात हरवल्याची नोंद करा, कंपनीला मेल करा आणि सर्व्हिस सेंटरला सांगून ती चावी गाडीच्या मेमरीतून काढून टाका, म्हणजे कुणाच्या हाती लागली तरी चालणार नाही. ड्रायव्हर चांगलाच असेल, मी त्याच्यावर शंका घेत नाही, पण रात्री चावी घरीच असू द्या.

देव न करो पण गाडी गेलीच तर एफआयआर त्याच दिवशी, आणि कंपनीला कळवणंही त्याच दिवशी. एफआयआर वेळेत असेल तर कंपनीला कळवायला उशीर झाला एवढ्याच कारणावर क्लेम नाकारता येत नाही असं सुप्रीम कोर्टाने २०२० मध्ये सांगितलंय, तरी कोर्टापर्यंत जायची वेळ येऊच नये. तपास लागला नाही असा पोलिसांचा अहवाल आल्यावरच पैसे सुटतात आणि त्याला महिने लागतात, तोवर कर्जाचे हप्ते भरावेच लागतात हे धरून चाला.


प्रेषक: सोलिहल (मूळ अमळनेर)

नाना, प्रिंट काढून फ्रिजवर लावलंय. ब्रोकरशी बोललो, एस ५ ट्रॅकर आणि ड्राइव्हवेला फाटक सांगितल्यावर आकडा बराच खाली आला, गेल्या वर्षीपेक्षा जास्तच आहे पण झेपेल. कीलेस मेन्यूतून बंद झालं, मला तीन वर्षं माहीतच नव्हतं. पाचोऱ्याचे भाऊ, राग मानू नका पण साडूंचा पत्ता नको. ट्रॅकर बसवणारा शनिवारी सकाळी येतोय, आणखी तिघं जमलो तर तो दर कमी करतो म्हणाला, तर मिडलंड्समधल्या कुणाला बसवायचा असेल त्यांनी गुरुवारच्या आत मला कळवा, गाडीचं मॉडेल आणि साल लिहा.