‘प्रारब्ध’, ‘पूर्वनियोजन’ की ‘आगाऊ नेमणे’? : शब्दचर्चा

विचारणा

नमस्कार. आमच्या बायबल अभ्यासगटासाठी मी रोमकरांस पत्राच्या ८व्या अध्यायावर टिपणं लिहिते आहे. कॅल्विनवादाचा (सोळाव्या शतकातला धर्मसुधारक जॉन कॅल्विन याच्या विचारपरंपरेचा) जो गाभा समजला जातो, म्हणजे देवानं तारणासाठी माणसं आधीच ठरवली आहेत, त्या कल्पनेला मराठीत काय म्हणावं इथे अडले. मागच्या वेळी मी ‘प्रारब्ध’ म्हटलं. वर्ग संपल्यावर एक आजी जवळ आल्या आणि हळूच म्हणाल्या, “म्हणजे माझा मुलगा गेला तो माझ्याच कर्मानं का गं?” मला तसं काहीच म्हणायचं नव्हतं. त्या दिवसापासून तो शब्द लिहायला हात धजत नाही. ‘पूर्वनियोजन’ चालेल का? आणि विश्वासाच्या बाजूनं उत्तर देण्याच्या शास्त्राला ‘धर्मसमर्थन’ म्हणतात ते बरोबर आहे का?

प्रतिसाद १

ताई, आजींनी शब्द अगदी बरोबर ऐकला. प्रारब्ध म्हणजे जे सुरू झालं आहे ते. संचित कर्मातला ज्याचं फळ भोगायला लागलं तो वाटा. त्या शब्दात माझी करणी आधी येते आणि भोग मागून. हे पत्र लिहिणाऱ्या पौलाचं म्हणणं याच्या नेमकं उलट आहे. रोमकरांस ९:११ मध्ये तो याकोब आणि एसाव या जुळ्यांचं उदाहरण देतो: ते जन्मलेही नव्हते, बरंवाईट काही केलेलं नव्हतं, तेव्हाच देवाचा संकल्प झाला होता. कर्माचा हिशेब बाजूला ठेवण्यासाठीच जो युक्तिवाद केला, त्याला ‘प्रारब्ध’ हे नाव दिलं की तो मुळापासूनच उलटतो.

‘नशीब’, ‘दैव’, ‘नियती’, ‘विधिलिखित’ यांची अडचण वेगळी. नियतीला कोणी नेमणारा लागत नाही. बुद्धाच्या काळातल्या मक्खली गोशालाचा आजीवक पंथ नियती मानत होता, पण त्या नियतीला मुलाच्या मायेनं कोणी ‘बाप’ म्हणून हाक मारत नव्हतं. कॅल्विनच्या विचारात नेमणारा आधी आहे, नेमणूक नंतर. कर्ता गाळला की उरतो तो नुसता दैववाद, आणि कॅल्विनवादावर होणारी निम्मी टीका त्या दैववादावरच असते.

मूळ ग्रीक क्रियापद आहे ‘प्रोओरिझो’. त्यात ‘होरोस’ म्हणजे शीव, हद्द. तेव्हा शब्दशः अर्थ ‘आधीच शीव आखून ठेवणे’. नव्या करारात ते सहा वेळा येतं: प्रेषितांची कृत्ये ४:२८, रोमकरांस ८:२९ आणि ८:३०, १ करिंथ २:७, इफिसकरांस १:५ आणि १:११. सहापैकी चार ठिकाणी ज्यांना नेमलं ती माणसं आहेत. घटना किंवा गोष्ट फक्त दोनदा. म्हणून ‘पूर्वनियोजन’ मला खटकतं. नियोजन कार्यक्रमाचं होतं, माणसाचं नाही. शिवाय ‘पूर्वनियोजित’ म्हटलं की मराठी कानाला पुढे ‘कट’च ऐकू येतो.

आपल्या पवित्र शास्त्रात ‘आगाऊच नेमून ठेवले’ असं आहे. तेच ठेवा. त्यातलं ‘ठेवणे’ मला फार मोलाचं वाटतं: काम झालं, आणि ते आजही तसंच जागेवर आहे. नामच हवं असेल तर ‘पूर्वनेमणूक’.

प्रतिसाद २

वरच्या बहुतेक म्हणण्याशी सहमत, पण मी आर्मिनियन बाजूचा, म्हणजे कॅल्विनपक्षाशी या मुद्द्यावर मतभेद असलेल्या आर्मिनियसच्या परंपरेतला माणूस आहे, म्हणून एक भर घालतो. रोमकरांस ८:२९च्या ओळीत ‘नेमून ठेवले’च्या आधी ‘ज्यांच्याविषयी त्याला पूर्वीच ज्ञान होते’ असं आहे. आम्ही तो क्रम धरून वाचतो: कोण विश्वास ठेवील हे देवाला आधी माहीत होतं, त्यावरून नेमणूक. कॅल्विनपक्ष म्हणतो, इथे ‘ज्ञान’ म्हणजे नुसती माहिती नव्हे, आपलं म्हणून ओळखणं. म्हणजे वाद ‘नेमणे’वर नाहीच, ‘ज्ञान’वर आहे. टिपणात हे जरूर यावं, नाहीतर आम्ही लोक तो शब्दच मानत नाही असा समज होतो.

शंका एकच. आज ‘नेमणूक’ म्हटलं की नोकरी आठवते, आणि नोकरी लायकी बघून मिळते. मग कर्माचा हिशेब मागच्या दारानं परत आलाच की!

प्रतिसाद १ (पुन्हा)

शंका रास्त आहे. म्हणून नामापेक्षा क्रियापद वापरावं, आणि त्याला जोडून ‘निवडणे’ समजून घ्यावं.

इफिसकरांस १:४ मध्ये ‘निवडून घेतले’ आहे. मराठीत ‘निवडून घेणे’ आणि ‘निवडून टाकणे’ ही दोन टोकं आहेत. ‘घेणे’ लागलं की निवडणारा ती वस्तू स्वतःजवळ घेतो. ग्रीकमधलं ‘एक्लेगोमाई’ हे रूपही ‘स्वतःसाठी वेचून घेणे’ असंच आहे. भाषांतरकारानं ‘घेतले’ सहज लिहिलं असेल, पण ते फार अचूक बसलं आहे.

आता काहींना निवडून घेतलं म्हणजे बाकीच्यांना निवडून टाकलं का? इतकी भांडणं झाली ती या प्रश्नावर. लंडनमध्ये १६४६ साली पूर्ण झालेल्या वेस्टमिन्स्टर विश्वासांगीकाराच्या (कॅल्विनपरंपरेतल्या श्रद्धेच्या अधिकृत निवेदनाच्या) तिसऱ्या प्रकरणात सार्वकालिक जीवनासाठी एक इंग्रजी क्रियापद आहे आणि सार्वकालिक मरणासाठी दुसरं. शब्द मुद्दाम वेगळे ठेवलेले दिसतात. मराठी करताना दोन्हीकडे ‘नेमले’ घातलं की तो सांभाळून ठेवलेला फरक पुसला जातो. मी जीवनासाठी ‘आगाऊ नेमले’ आणि मरणासाठी ‘आधीच ठरवले’ असं करतो.

कॅल्विनलाही हे जड गेलं होतं. ‘इन्स्टिट्यूट्स’ या आपल्या मुख्य ग्रंथाच्या १५५९च्या आवृत्तीत त्यानं हा विषय तिसऱ्या भागात, प्रार्थनेवरच्या लांबलचक प्रकरणानंतर घेतला, आणि तिथेच देवाच्या या ठरावाला लॅटिनमध्ये ‘होरिबिले’ म्हटलं. टीकाकार त्याचं ‘भयंकर’ करतात. मूळ धातूचा अर्थ अंगावरचे केस उभे राहणे. मराठीत त्याला तयार शब्दप्रयोग आहे: अंगावर काटा आणणारा ठराव. असं लिहिलं की लिहिणाऱ्याचाही थरकाप कळतो.

प्रतिसाद ३

कॅल्विनवाद म्हटलं की जे ‘पाच मुद्दे’ सांगितले जातात, त्यांबद्दल थोडं. १६१० साली आर्मिनियसच्या अनुयायांनी पाच कलमं मांडली आणि नेदरलँड्समधल्या डॉर्टच्या धर्मसभेनं १६१८-१९ मध्ये त्यांना उत्तर दिलं. म्हणजे ‘कॅल्विनवादाचे पाच मुद्दे’ हे मुळात प्रत्युत्तर आहे. कॅल्विन तर १५६४ सालीच वारला होता. त्यातल्या पहिल्याचं ‘संपूर्ण भ्रष्टता’ असं भाषांतर करू नये. माणूस जितका वाईट होऊ शकेल तितका झाला आहे असा त्याचा अर्थ नाही. मन, बुद्धी, इच्छा यातलं काहीच पापापासून अस्पर्श राहिलं नाही, एवढाच आहे. ‘सर्वस्पर्शी भ्रष्टता’ म्हणा.

दुसऱ्या प्रश्नाबद्दल: या शास्त्राच्या इंग्रजी नावामागचा मूळ ग्रीक ‘अपोलोगिया’ हा न्यायालयातला शब्द, आरोपीनं स्वतःच्या बाजूनं केलेलं निवेदन. त्याचा माफीशी संबंध नाही, ‘क्षमाशास्त्र’ वगैरे कुणी म्हटलं तर थांबवा. ‘बचाव’ म्हटलं की आपण पडत्या बाजूचे वाटतो. ‘समर्थन’ला आता पाठिंब्याचा वास आहे. ‘मंडन’ उत्तम शब्द, पण ‘खंडन’ त्याच्या मागोमाग येतंच. १ पेत्र ३:१५ मध्ये साधं ‘उत्तर’ आहे, आणि तेही विचारपूस करणाऱ्याला. कुणी विचारलंच नाही तर ते उत्तर नव्हे.

आपल्या न्यायशास्त्रात वाद, जल्प आणि वितंडा असे तीन प्रकार सांगितले आहेत: सत्य शोधण्यासाठी, जिंकण्यासाठी, आणि नुसतं दुसऱ्याचं पाडण्यासाठी. कॅल्विनवादावरची बरीच बोलणी मी तिसऱ्यात गेलेली पाहिली आहेत, दोन्ही बाजूंची. ‘कॅल्विनवाद’ या शब्दातला ‘वाद’ पहिल्या अर्थानं घ्यावा अशी माझी कळकळीची विनंती.

विचारणा (पुन्हा)

सगळ्यांचे मनापासून आभार. टिपणातली ओळ अशी केली आहे: “देवानं आपल्याला आधीच नेमून ठेवलं, आपल्या करणीकडे न बघता, स्वतःसाठी निवडून घेतलं.” ‘करणीकडे न बघता’ला दोन्ही बाजूंची हरकत नसावी, ‘ज्ञान’ कशाचं, यावर खाली वेगळी टीप देते आहे. ‘प्रारब्ध’ सगळीकडून काढला.

आजी रविवारी भेटतील. कागद वाटण्याआधी ही ओळ त्यांना एकटीला वाचून दाखवणार आहे.