दमट उकाड्यात सॅक घेऊन चार दिवस चालायचंय, कपडे-बूट-तंबू काय घ्यावं?

नवखी_पायवाट
मंडळी नमस्कार. आजवरची माझी सगळी भटकंती थंड हवेतली, म्हणजे एकावर एक लेअर चढवा, वर जॅकेट, रात्री उबदार स्लीपिंग बॅग, एवढंच माहिती. आता पहिल्यांदाच चार दिवस दमट जंगलातून चालायचा बेत आहे. दिवसा ३२ च्या आसपास, भर दुपारीसुद्धा आर्द्रता ७०-७५ टक्के, रात्री २६ च्या खाली उतरत नाही आणि पाऊस कधीही. सराव म्हणून तशाच हवेत सॅक घेऊन चालून बघितलं तर थोड्याच वेळात टी-शर्ट पिळून काढावा इतका ओला, कमरेच्या पट्ट्याखाली कातडी लाल, आणि पाऊस आला म्हणून रेनजॅकेट घातलं तर बाहेरच्यापेक्षा आतूनच जास्त भिजले. आता जो तो सांगतोय की अजून भारी ब्रीदेबल (पाणी अडवून घामाची वाफ बाहेर सोडणारं) जॅकेट घे आणि वॉटरप्रूफ बूट घे. खरंच फरक पडतो का त्याने? ज्यांनी अशा हवेत मुक्कामी ट्रेक केलेत त्यांनी जरा सविस्तर सांगा प्लीज.

रानवारा
जॅकेटवर एक पैसाही घालू नका, आधी हे वाचा. ब्रीदेबल कापडातून वाफ बाहेर जाते ती आतल्या-बाहेरच्या बाष्पदाबातल्या (हवेतल्या वाफेच्या दाबातल्या) फरकामुळे, दुसरं काही तिला ढकलत नाही. अंगाजवळची ३५ अंशांची घामट हवा धरली तर तिचा बाष्पदाब साधारण ५६ हेक्टोपास्कल. बाहेर १० अंशांत पाऊस पडत असेल तर तिथे जेमतेम १२, म्हणजे ४४ चा फरक मिळाला आणि जॅकेट मस्त काम करतं. तोच पाऊस ३० अंशांत पडत असेल तर बाहेरच ४२, फरक उरला १४. जॅकेट कितीही भारी घ्या, हे गणित बदलत नाही. त्यात वरचं कापड भिजून पाणी धरायला लागलं की उरलंसुरलंही बंद.

त्यामुळे अशा हवेत कोरडं राहायचा नादच सोडायचा. दिवसा भिजायचंच आहे, घामाने नाहीतर पावसाने, तर अंगावरची प्रत्येक गोष्ट भिजून पटकन वाळणारी हवी. आणि रात्रीचा एक जोड, म्हणजे पातळ टी-शर्ट, पायजमा, मोजे, हा काहीही झालं तरी कोरडा राहिला पाहिजे. सकाळी ओले कपडे परत अंगावर चढवायला जिवावर येतं, पण चढवायचेच, त्या कोरड्या जोडाला हात लावायचा नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊस चालू असताना हमखास मोह होतो की आज हेच घालून निघू, आणि मग पुढच्या सगळ्या रात्री ओल्यात.

पावसासाठी हलकी छत्री. सॅकच्या खांद्याच्या पट्ट्याला दांडा अडकवायची क्लिप मिळते, हात मोकळे राहतात, खालून वारा लागतो आणि उन्हातही सावली. दाट झुडपातून किंवा उघड्या धारेवर वाऱ्यात तिचा उपयोग नाही, तिथे सरळ भिजायचं. एक साधं पातळ जॅकेट सॅकमध्ये असू द्या, थांबल्यावर वारा सुटला तर अंगावर घ्यायला.

कापडचोपड
वरच्याशी शंभर टक्के सहमत. कपड्यांचं मी सांगतो. कापड हवेतली किती ओल धरून ठेवतं त्याला मॉइश्चर रिगेन म्हणतात, पॉलिस्टरचं ०.४ टक्के, नायलॉनचं ४ च्या आसपास, कॉटनचं ८.५, लोकरीचं १६. कोरड्या उन्हात कॉटन छान वाटतं कारण ओला सदरा हळूहळू वाळताना गारवा देतो, पण दमट हवेत तो वाळतच नाही, अंगाला चिकटून बसतो आणि शिवणी घासायला लागतात. मेरिनो लोकरीला वास येत नाही म्हणून लोक प्रेमात असतात, पण या हवेत ती वाळायला फार वेळ घेते, त्यामुळे मी तरी मोज्यांपुरतीच वापरतो.

शर्ट घ्या पातळ विणलेल्या पॉलिस्टरचा किंवा नायलॉनचा, पुढे बटणं, कॉलर, पूर्ण बाह्या, आणि एक साइज सैल. अंगाला घट्ट बसणारे ते जिमचे टी-शर्ट नकोत, कारण कापड आणि कातडी यांच्यात हवा खेळायला हवी आणि दर पावलाला सैल कापड ती हलवत राहतं. विकत घेताना एक करा, कापड तोंडाला लावून फुंका. फुंकर सहज पार गेली तर घ्या, गाल फुगले तर ठेवून द्या, लेबलवर काय वाटेल ते लिहिलेलं असो. उन्हासाठी यूपीएफ ५० लिहिलेलं असतं त्याचा अर्थ अतिनील किरणांचा पन्नासावा भाग, म्हणजे २ टक्के आत येतो, ते चांगलंच आहे, पण काही कापडं त्यापायी इतकी गच्च विणतात की हवा जात नाही, तेव्हा फुंकर आधी.

पॅंट पूर्ण लांबीची, पातळ नायलॉन. जळवा, काटे, गवत यांच्यामुळे हाफ पॅंट नकोच. जळवा असतील तर गच्च विणीचे, गुडघ्यापर्यंत येणारे लीच सॉक्स मिळतात ते घ्या, जाड गेटर्समध्ये (बुटावरून पोटरीला गुंडाळायच्या कापडी आवरणात) पाय उकडून निघतात. आणि कमरेचं लाल होणं: शर्टाची घडी पट्ट्याखाली येत असणार, ती सपाट करून मगच पट्टा आवळा, आतले लेबल कापून टाका, मांड्यांच्या आत आणि कमरेला निघायच्या आधीच पेट्रोलियम जेली लावा. कातडी सोलवटल्यावर लावून उपयोग नसतो, मिठाचा घाम त्यावरून जात राहतो.

जुना_सॅकवाला
बुटांचं बोलतो. वॉटरप्रूफ बूट दमट जंगलात नकोत. ओढा ओलांडताना पाणी वरून आत शिरतं आणि ज्या अस्तराने ते बाहेर अडवायचं तेच आत अडवून धरतं, मग दिवसभर पाय त्यात पोहत राहतात. जाळीचे ट्रेल रनर (डोंगरवाटेवर पळायचे हलके बूट) घ्या, दहा-वीस पावलांत पाणी निथळतं. सॅक फार जड असेल किंवा वाट दगडगोट्यांची असेल तर उंच बूट ठीक, पण मग ज्यांच्या तळव्याजवळ बाजूला पाणी जायची भोकं असतात तसे जंगल बूट बघा, सैन्यासाठी ते नेमके याच कामाला बनवले गेले.

रानवारा
@जुना_सॅकवाला, थोडं वेगळं मत आहे. बुटांपेक्षा रात्री पायांचं काय करता हे जास्त महत्त्वाचं. पाय सलग ओले राहिले की तळवे पांढरेफटक होतात, सुरकुत्या पडतात आणि मग पाऊल टेकवलं तरी दुखतं, कोमट पाण्यातसुद्धा हे होतं, थंडीच लागते असं नाही. मुक्कामाला पोचल्या पोचल्या बूट-मोजे काढायचे, पाय पुसायचे, बोटांच्या बेचक्यात कापड फिरवायचं, तासभर उघडे ठेवायचे, मग अँटीफंगल पावडर आणि कोरडे मोजे. हे चुकवलं तर कुठलाही बूट वाचवत नाही.

जुना_सॅकवाला
ते मान्यच. झोपायचे मोजे वेगळे, त्यात चालायचं नाही.

आरोग्यसेविका_र
सामानाच्या चर्चेत शरीर राहून जातंय म्हणून लिहिते. घाम येण्याने गार वाटत नाही, घाम *उडण्याने* वाटतं. एक लिटर घाम वाफ होऊन गेला तर साधारण ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो, पण जो टपटप गळून गेला त्याने पाणी आणि मीठ तेवढं गेलं, गारवा काही मिळाला नाही. दमट हवेत बहुतेक घाम असाच वाया जातो. म्हणून तुम्ही निघायच्या आधी ७ ते १४ दिवस रोज थोडा वेळ उकाड्यात चाला, घाम लवकर सुटायला लागतो आणि त्यातलं मीठ कमी होतं. कुठल्याही सामानाने हे काम होणार नाही.

पाणी चालताना तासाला अर्धा ते एक लिटर, थोडं थोडं. दीड लिटरच्या वर सतत नको, नुसतं पाणी ढोसत राहिलं तर रक्तातलं सोडियम उतरतं आणि तेही जिवावर बेतू शकतं. खारं काहीतरी खात राहा. घाम फार जात असेल तर ओआरएसची पुडी पाकिटावर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, अंदाजे नाही. आणि सोबतचं कोणी असंबद्ध बोलायला लागलं, तोल जायला लागला, तर "जरा बसू दे, बरं वाटेल" म्हणून वाट बघू नका. सावलीत न्या, लगेच अंगावर पाणी ओता, वारा घाला, ओढा जवळ असेल तर डोकं वर धरून त्यात बसवा, आणि मदत मागवा. तो उष्माघात असू शकतो आणि पहिली काही मिनिटंच महत्त्वाची असतात.

डासांसाठी: ०.५ टक्के पर्मेथ्रिन (कीटकनाशक) कपड्यांवर मारून वाळवून घ्या, अंगावर नाही, आणि घरात मांजर असेल तर ओलं असेपर्यंत तिला लांब ठेवा, तिच्यासाठी ते विष आहे. अंगाला डास पळवणारं औषध, डीट किंवा २० टक्के पिकारिडिन. डीटने चष्म्याची फ्रेम, घड्याळाचा पट्टा असलं प्लास्टिक खराब होतं, म्हणून मी पिकारिडिन सुचवते.

नवखी_पायवाट
बापरे, इतकं सगळं! मनापासून थँक्स सगळ्यांना. जॅकेट रद्द, छत्री आणि जाळीचे बूट नक्की. आता दोन शंका राहिल्या. सॅकच्या पाठीला ती ताणलेली जाळी असते तशी घेऊ का? आणि माझा जुना तंबू कपाटातून काढला तर आतून चिकट झालाय, घाण वास येतोय, धुतला तर चालेल का?

जुना_सॅकवाला
ताणलेली जाळी घ्या, पाठीला वारा लागतो. पण त्यात वजन पाठीपासून दूर जातं, मागे ओढल्यासारखं होतं, म्हणून पाणी आणि जड सामान पाठीच्या बाजूलाच भरा. रेनकव्हरच्या भरवशावर राहू नका, ते पाठीची बाजू झाकतच नाही आणि घाम तिथूनच आत झिरपतो. आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी, त्यात सगळं, तोंड पिळून दुमडायचं, आणि तो रात्रीचा जोड त्यात परत वेगळ्या पिशवीत.

तंबू धुऊन काही होणार नाही. कापडाला आतून पॉलियुरेथेनचा थर असतो, हवेतल्या ओलीने तो हळूहळू तुटतो, त्याला हायड्रोलिसिस म्हणतात, आणि तंबू घट्ट गुंडाळून बंद कपाटात ठेवला की ते अजून लवकर होतं. सॅकच्या आतून पांढरे पापुद्रे गळतात, जुन्या बुटांचे तळवे ठेवल्या जागी चुरा होतात, तेही यामुळेच. चिकट थर रबिंग अल्कोहोलने घासून पूर्ण काढला आणि नवीन कोटिंग दिलं तर तंबू वाचतो कधीकधी, पण मेहनत भरपूर, आणि आधी कोपऱ्यात करून बघा. जुना थर अर्धवट राहिला तर त्यावर सिलिकॉनचं कोटिंग धरत नाही.

पण मुळात या ट्रेकला तो तंबू थंड हवेचाच असणार ना, आतली खोली कापडाची? तसा असेल तर दुरुस्त करूनही नेऊ नका, आत गुदमरायला होईल. पूर्ण जाळीची आतली खोली आणि वर उंच ताणलेली ताडपत्री, नाहीतर झाडं असतील तर मच्छरदाणीवाला हॅमॉक (दोन झाडांना बांधायचा झोपाळा), त्याला खालूनही वारा लागतो. फक्त हॅमॉक दोन थरांचा घ्या, एका थराच्या कापडातून डास खालून पाठीला चावतात. स्लीपिंग बॅग घरी ठेवा, पातळ लायनर (आत शिरून झोपायची चादरीसारखी पिशवी) बास.