काकांचं ऑटोमॅटिक घड्याळ पहाटे का थांबतं?

गुरुवार

बी-३०४ काका, रात्री ८:१२
नमस्कार मंडळी. माझं सिको फाइव्ह घड्याळ गेला महिनाभर पहाटे बंद पडतंय. मुलीने पहिल्या पगारातून घेतलेलं. चौदा वर्षं हातात आहे, कधी तक्रार नव्हती. काल बाजारात एका दुकानात दाखवलं. त्यांनी न उघडताच सांगितलं, मशीन गेलं, नवं टाकावं लागेल. माझं मन तयार होत नाहीये. कुणाला यातलं कळतं का?

ए-१०१ वहिनी, ८:१५
काका, सेल बदलून बघितलात का?

बी-३०४ काका, ८:१७
वहिनी, याला सेल नसतो. हाताच्या हालचालीवर चालतं.

सी-६०१, ८:२०
मग काका, रात्री झोपताना चावी द्या ना. माझं ऑटोमॅटिक आहे, मी देतो कधी कधी.

ए-५०३ दादा, ८:३१
काका, मागच्या झाकणावर नंबर असेल, तो वाचता येतो का?

बी-३०४ काका, ८:४०
भिंग लावून वाचला. ७एस२६ आणि पुढे चार आकडे.

ए-५०३ दादा, ८:४९
मग चावी फिरवून उपयोग नाही. ७एस२६ हा आतल्या मशीनचा नंबर. त्या मशीनमध्ये चावीने स्प्रिंग भरायची सोयच दिलेली नाही. चावी फक्त काटे आणि तारीख-वार लावायला. सगळी ताकद येते ती आतल्या रोटरमधून. रोटर म्हणजे अर्धगोल वजन, हात हलला की फिरतं. त्याला जोडलेला एक छोटा दोन नख्यांचा लिव्हर आहे, सिकोवाले त्याला मॅजिक लिव्हर म्हणतात, १९५९ पासून वापरतात. रोटर डावीकडे फिरो की उजवीकडे, एक नखी चाक ओढते नाहीतर दुसरी ढकलते. स्प्रिंग दोन्हीकडून भरते. पूर्ण भरली की घड्याळ काढून ठेवलं तरी साधारण चाळीस तास चालायला हवं.

तेव्हा प्रश्न एवढाच आहे की ताकद आत जात नाहीये, की गेलेली टिकत नाहीये. हे घड्याळ न उघडता घरी कळतं. त्याआधी कुणालाही मशीन बदलू देऊ नका.

ए-५०३ दादा, ८:५२
आणि काका, तुमचं गुडघ्याचं ऑपरेशन कधी झालं?

बी-३०४ काका, ८:५५
सहा आठवडे झाले. का रे?

ए-५०३ दादा, ८:५८
सध्या वॉकर धरून चालता ना? वॉकर धरला की मनगट जागचं हलत नाही. पूर्वी रोज टेकडीवर जायचात, हात झुलायचे. तक्रारही महिनाभराचीच आहे. मला वाटतं घड्याळाला खाऊच मिळत नाहीये.

बी-३०४ काका, ९:०४
हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

ए-५०३ दादा, ९:०६
तरी खात्री करू. मी आत्ता येऊन घड्याळ घेऊन जातो. दोन दिवस मी घालतो, माझं दिवसभर फिरणं असतं. शनिवारी रात्री परत आणून तुमच्या टेबलावर ठेवतो, तबकडी वर. त्याला हात लावायचा नाही. किती तास चालतं ते मोजू.

शुक्रवार

डी-२०२, सकाळी ९:३०
सर्वांना सूचना. उद्या टाकी सफाई आहे. ११ ते २ पाणी येणार नाही.

सी-६०१, ९:४१
दादा, माझंही विचारतो. माझ्या घड्याळात ४आर३६ मशीन आहे. रोज तासभर चालतो, तरी सकाळी घड्याळ बंद. आणि हात हलवला की आत खरखर वाजतं. चावी जास्त दिली म्हणून स्प्रिंग तुटली असेल का? आमच्या वडिलांची एचएमटी जनता होती, ते म्हणायचे की चावी कडक लागली की थांबायचं.

ए-५०३ दादा, १०:१५
वडिलांचं बरोबर होतं. जनता हाताने चावी द्यायचं घड्याळ. स्प्रिंग एका गोल डबीत गुंडाळलेली असते. त्यात स्प्रिंगचं बाहेरचं टोक डबीच्या भिंतीला अडकवलेलं असतं, भरली की चावी अडते आणि जोर लावला तर नुकसान. ऑटोमॅटिकमध्ये ते टोक अडकवलेलं नसतं, भिंतीला दाबून बसतं आणि पूर्ण भरल्यावर घसरतं. नाहीतर दिवसभर हात हलवल्यावर स्प्रिंग तुटलीच असती. त्यामुळे जास्त चावीची भीती सोडा.

४आर३६ ला चावी देता येते, ही तुमची सोय. चावी ओढू नका, आत दाबलेलीच ठेवून ५५ वेढे द्या आणि घड्याळ टेबलावर ठेवा. चाळीस तासांच्या आसपास चाललं तर स्प्रिंग आणि पुढची चाकं ठीक, दोष रोटरकडे. वीस-बावीस तासांतच थांबलं तर वंगण सुकलंय किंवा स्प्रिंग लवकर घसरतेय, मग पूर्ण सर्व्हिसिंग. खरखर ऐकून मला रोटरचा संशय जास्त येतो.

ए-१०१ वहिनी, १०:२२
आमच्या ह्यांचं ऑटोमॅटिक उलट दिवसाला आठ-दहा मिनिटं पुढे जातं. तेही यातलंच का?

ए-५०३ दादा, १०:२६
नाही वहिनी, ते बहुतेक चुंबकाचं. चुंबकाच्या कव्हरचा मोबाइल किंवा स्पीकर जवळ ठेवत असतील. घड्याळजी दोन मिनिटांत चुंबकत्व काढून देतात.

शनिवार

ए-५०३ दादा, रात्री ९:३४
काकांच्या टेबलावर साडेनऊला ठेवलं. दोन दिवसांत हातावर एकदाही थांबलं नाही, काटे मोबाइलशी जुळतात. 🙏

सोमवार

बी-३०४ काका, सकाळी ८:०५
चालू आहे!!

डी-२०२, ८:०९
वा काका 👏

बी-३०४ काका, दुपारी १:२०
जेवायला बसलो तेव्हा पाहिलं, १२:५० वर थांबलंय. शनिवार साडेनऊपासून म्हणजे ३९ तास २० मिनिटं. दोनदा मोजलं.

ए-५०३ दादा, १:२८
काका, मशीन अगदी निरोगी आहे. एक पैसा खर्च करू नका. वॉकर सुटेपर्यंत एवढंच करा: सकाळी बातम्या ऐकताना आणि रात्री झोपण्याआधी घड्याळ हातात आडवं धरून, पिठाची चाळणी फिरवतो तसं हळू गोल फिरवा, आठ-दहा मिनिटं. झटके द्यायचे नाहीत. आणि बंद पडलं तर पुन्हा लावताना आधी काटे फिरवून सहा-सातच्या आसपास आणा, मगच तारीख-वार बदला. रात्री नऊ ते पहाटे चार या वेळेत तारखेची चाकं गुंतलेली असतात, तेव्हा चावीने बदललं तर दाते मोडू शकतात.

डी-२०२, १:३५
ते फिरवायचं मशीन मिळतं ना ऑनलाइन? काकांना ते घेऊ या का?

ए-५०३ दादा, १:४०
चालेल, पण गरज नाही. काका महिन्याभरात चालायला लागतील.

बुधवार

सी-६०१, सायंकाळी ६:५०
दादा, तुमचा अंदाज खरा निघाला. ५५ वेढ्यांवर टेबलावर जवळपास ४० तास चाललं. आज घड्याळजींनी माझ्यासमोर झाकण उघडलं. रोटरचा मधला स्क्रू ढिला, रोटर झाकणाला घासत होता, झाकणाच्या आतून गोल चरे पडलेत. लिव्हरच्या नख्यांत बारीक धातूची भुकटी. त्यांनी साफ करून स्क्रू आवळला. हात हलवून बघतोय, आवाज गेला.

ए-५०३ दादा, ७:०२
छान! आता आठवडाभर चावी अजिबात देऊ नका, फक्त घाला. सकाळी चालू सापडलं पाहिजे.

बी-३०४ काका, ७:१०
माझं तीन दिवस सलग चालू. मुलीला फोन करून सांगितलं. आज जिन्यापर्यंत काठीवर गेलो, वॉकर घरीच ठेवला. घड्याळ डाव्या हातात, काठी उजव्या.