टेस्टोस्टेरॉनसाठी अश्वगंधा, गोखरू आणि मुसळी: पुरावा कितपत आहे?

प्रश्न
माझे वय ४२ आहे. गेले वर्षभर थकवा जाणवतो व कामेच्छाही मंदावली आहे. संध्याकाळी कामावरून येताना केलेल्या रक्ततपासणीत टेस्टोस्टेरॉन २८० नॅनोग्रॅम प्रति डेसिलिटर आले. काष्ठौषधींच्या दुकानदाराने अश्वगंधा, गोखरू आणि सफेद मुसळी यांचे चूर्ण रात्री दुधातून घ्यायला सांगितले आहे. याला शास्त्रीय आधार आहे का? मला थायरॉइडची गोळी चालू आहे.

प्रतिसाद १
चूर्णाचा विचार नंतर करावा. टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक (हार्मोन) सकाळी सर्वाधिक असते व दिवसभरात उतरत जाते; त्यामुळे सकाळी, उपाशीपोटी, दोन वेगळ्या दिवशी केलेली मोजणी ३०० च्या खाली आली आणि सोबत लक्षणेही असली, तरच कमतरता मानतात. आपण घोरता का? सुटलेले पोट, मधुमेह आणि झोपेत श्वास अडणे ही याची नेहमीची कारणे आहेत.

प्रतिसाद २
तिन्ही वनस्पतींना एकाच मापाने मोजता येणार नाही. त्यांपैकी अश्वगंधेची बाजू जरा बरी आहे. २०१५ च्या एका चाचणीत व्यायाम सुरू केलेल्या ५७ पुरुषांपैकी ज्यांना मुळांचा अर्क ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, असा आठ आठवडे दिला, त्यांचे टेस्टोस्टेरॉन सरासरी ९६ ने वाढले, तर नकली (औषध नसलेली, तुलनेसाठीची) गोळी घेणाऱ्यांचे १८ ने. मात्र २०१९ मध्ये ४० ते ७० वयाच्या, वजन जास्त असलेल्या पुरुषांत सुमारे १५ टक्के वाढ दिसूनही थकवा किंवा लैंगिक समाधान यांत नकली गोळीपेक्षा ठोस फरक आढळला नाही, आणि आपली तक्रार तर नेमकी तीच आहे. शिवाय हे प्रमाणित अर्क होते, दुकानातले सुटे चूर्ण नव्हे. गोखरू, म्हणजे आपला सराटा, निरोगी तरुणांना देऊन पाहिला असता संप्रेरक हलले नाही. मुसळीवरचे बरेचसे काम उंदरांवरचे आहे.

प्रतिसाद ३
मी आयुर्वेदाचा अभ्यासक आहे. चरकसंहितेच्या चिकित्सास्थानातील वाजीकरण, म्हणजे कामशक्ती वाढवणारे उपचार, शरीरशुद्धी झाल्यावर करायचे असते. रक्तातला एक आकडा वाढवण्याचा तो नुसखा नव्हे. आपल्या बाबतीत अडचण वेगळीच आहे. अश्वगंधेमुळे थायरॉइड संप्रेरके वाढू शकतात, आणि यकृताला इजा झाल्याच्या नोंदीही आहेत. म्हणून थायरॉइडची गोळी देणाऱ्या डॉक्टरांना विचारल्याखेरीज अश्वगंधा सुरू करू नये.

प्रश्नकर्ता
आभारी आहे. घोरण्याबद्दल पत्नीची तक्रार जुनीच आहे. सकाळच्या तपासणीसोबत आणखी काय मोजून घ्यावे?

प्रतिसाद १
एलएच आणि प्रोलॅक्टिन (ही पीयूष ग्रंथीची संप्रेरके), टीएसएच (थायरॉइडची तपासणी) आणि एचबीए१सी (गेल्या काही महिन्यांतली सरासरी रक्तशर्करा). अहवाल संप्रेरकतज्ज्ञांना दाखवा. अपत्याचा विचार असेल तर तेही आधीच सांगा, कारण टेस्टोस्टेरॉनच्या इंजेक्शनांनी शुक्राणूंची निर्मिती दबते.